तेहतीस फुटांची साखळी आणि मोबाईलातली माती



मागच्या महिन्यात पानावर तीनचार जणांनी एकच प्रश्न टाकला. आता म्हणे मोबाईलवर शेताची माती दिसते, उपग्रहावरून खताचा हिशेब निघतो, मग माती परीक्षणाला पिशवी भरून द्यायची गरज उरली का? एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण हा प्रश्न नवा नाही. आपल्या मातीचा नकाशा काढायचं काम जवळजवळ दोनशे वर्षं चालू आहे. तो कोणी काढला, कशासाठी काढला आणि त्यात आपलं खाचर दिसलं का, हे समजलं तर मोबाईलवरच्या नकाशाकडे कसं बघायचं ते आपोआप समजेल. म्हणून आजची नोंद लांब आहे. सवडीने वाचा.

पहिला नकाशा साऱ्यासाठी

१८१८ ला पेशवाई गेली आणि कंपनी सरकारला पहिली चिंता पडली ती शेतसाऱ्याची. दख्खनमध्ये प्रिंगल नावाच्या साहेबाने मोजणी करून पिकाच्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवला. १८३० च्या सुमारास तो लागू झाला आणि फसला. अंदाज चुकीचे होते, सारा जड होता. इंदापूर तालुक्यात लोकांनी जमिनी टाकल्या.

मग १८३५-३६ ला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी त्याच इंदापुरात नव्याने काम सुरू केलं. त्यांनी उत्पन्नाचा अंदाज सोडला आणि माती बघितली. माती खणायची, खोली किती, रंग कोणता, पोत कसा ते बघायचं आणि प्रत ठरवायची. १८४७ च्या संयुक्त अहवालात त्याचे नियम पक्के झाले. खोली हातात मोजायची, पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत. मातीच्या प्रती नऊ. सगळ्यात वरची सोळा आणे, सगळ्यात खालची दोन आणे. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी न मुरणं, वाहत्या पाण्याने धुपणं, पाणी साचून राहणं, असा दोष दिसला की खूण करायची आणि दर दोषाला एक प्रत खाली उतरवायची.

जरा थांबून बघा. खोली, रंग, पोत, उतार, निचरा. आज मृदशास्त्राचा पदवीधर शेतात आला तरी पहिल्यांदा हेच बघतो. प्रयोगशाळा नव्हती, सामू मोजायचा कागद नव्हता, तरी कारकून शेताशेतात जाऊन हे लिहीत होते.

मोजायला साखळी होती तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, भागाला म्हणायचं आणा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण बांधावर उभं राहून "वीस गुंठे आहेत" म्हणतो ना, तो गुंठा त्या साखळीचा. सर्व्हे नंबर त्या मोजणीचा. सातबारावर "आकार" म्हणून जे थोडे रुपये-पैसे छापलेले असतात, त्यांचं मूळही त्या प्रतवारीत आहे.

कोकणात हीच पद्धत जशीच्या तशी चालली नाही. इथे जमिनीचे तीन भाग धरले : भातजमीन, वरकस आणि बागायत. भाताला वेगळी मोजमापं लावली, कारण इथे मातीइतकंच पाणीही मोजावं लागतं. पाणी किती दिवस उभं राहतं, वरून येतं की मुरून येतं, गोडं की खारं. सातबारा काढून बघा, "तरी" आणि "वरकस" हे रकाने अजून छापलेले आहेत. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं माती बघणं आजच्या डिजिटल उताऱ्यात बसलेलं आहे.

हा नकाशा शेतकऱ्याच्या भल्यासाठी नव्हता, वसुलीसाठी होता. पण एक गोष्ट मान्य करायला पाहिजे. तो प्रत्येक शेतापर्यंत पोचला होता, कारण सारा प्रत्येक शेताकडून घ्यायचा होता.

दुसरा नकाशा शास्त्राचा, पण गावाएवढाही नाही

पुढे शास्त्र आलं. रशियात डोकुचायेव नावाच्या माणसाने १८८३ ला तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की माती म्हणजे नुसता खडकाचा चुरा नाही, हवामान, झाडझाडोरा, उतार आणि काळ यांनी मिळून ती घडते. अमेरिकेत हान्स जेनी यांनी १९४१ ला हीच गोष्ट सूत्रात मांडली : हवामान, जीवसृष्टी, उंचसखलपणा, मूळ खडक आणि काळ. हे पाच घटक लक्षात ठेवा, मोबाईलपर्यंत आलो की परत लागतील.

आपल्याकडे शेती खात्याने भाताचं संशोधन कर्जतला १९१९ ला सुरू केलं. स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात माती परीक्षणाच्या सरकारी प्रयोगशाळा निघू लागल्या. १९७२ ला दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ झालं. आपल्या पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, तिथून पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ हे खारीत तग धरणारे भाताचे वाण आले. खाडीकाठच्या लोकांना त्याची किंमत विचारा.

१९७६ ला नागपूरला राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी वापर नियोजन संस्था उभी राहिली. १९८६ च्या पुढे तिने सगळ्या देशाचा मातीचा नकाशा एकास अडीच लाख या प्रमाणात करायला घेतला. काम मोठं होतं आणि नीट झालं. पण हे प्रमाण शेतकऱ्याच्या भाषेत करून बघू. नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर. एक मिलिमीटर म्हणजे २५० मीटर. म्हणजे एक चौरस मिलिमीटर ठिपक्यात सव्वासहा हेक्टर, साधारण साडेपंधरा एकर. टाचणीच्या टोकाखाली आख्खी वाडी जाते. जिल्ह्यात धरण कुठे, फळबाग योजना कुठे, हे ठरवायला तो नकाशा उपयोगी. वीस गुंठेवाल्याने त्यात स्वतःचं शेत शोधायचं नाही.

म्हणजे झालं काय? साऱ्याचा नकाशा शेतापर्यंत आला, पण शेतकऱ्याला सल्ला द्यायला नाही. शास्त्राचा नकाशा सल्ल्यासाठी होता, पण शेतापर्यंत आला नाही. मधली पोकळी भरायचा प्रयत्न म्हणजे आजची गोष्ट.

आधी मोबाईल आला, माती नंतर

शेतकऱ्याला माहिती तारेवरून द्यायची, हा प्रयोग महाराष्ट्राने लवकर केला. १९९८ ला वारणा खोऱ्यात ७० गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प झाला. उसाची नोंद, तोड, वजन हे गावातल्या केंद्रावर दिसायचं. २००३ ला आयआयटी मुंबईने 'आक्वा' नावाची प्रश्नोत्तरांची सेवा सुरू केली, शेतकऱ्याने विचारायचं आणि तज्ज्ञाने उत्तर द्यायचं. जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर आलं, १८००-१८०-१५५१, आजही चालू आहे. २००७ ला रॉयटर्सची मार्केट लाईट सेवा महाराष्ट्रातच सुरू झाली, साध्या फोनवर बाजारभाव आणि हवामानाचे संदेश यायचे. २००९ पासून क्रॉपसॅप आलं, ठरलेल्या शेतांत कीड मोजायची, संगणकावर भरायची आणि धोका दिसला तर संदेश पाठवायचा. २०१३ ला केंद्राचं एम-किसान आलं.

आपल्या रायगडचं उदाहरण समुद्रातलं आहे. टीसीएसच्या एम-कृषीने मत्स्य संशोधन संस्था आणि हैदराबादच्या समुद्र माहिती केंद्राबरोबर मिळून इथल्या कोळी बांधवांना मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे ते मोबाईलवर दिलं. उपग्रह पाण्याचा रंग आणि तापमान बघतो, त्यावरून अंदाज निघतो आणि तो कोळ्याच्या भाषेत पोचतो. होडीवाल्याचं डिझेल वाचतं. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोळी जाळं टाकतो आणि अंदाज खरा की खोटा हे त्याला त्याच दिवशी कळतं. शेतीत ते कळायला कापणी यावी लागते. म्हणून शेतीतल्या अंदाजावर जास्त प्रश्न विचारले पाहिजेत.

या सगळ्या सेवांत एक उणीव होती. हवामान, भाव, कीड हे सगळं आलं, पण सल्ला तालुक्याला एक. पनवेल तालुक्यात खाडीकाठची खार, मधली भाताची खाचरं आणि डोंगराकडची वरकस तिन्ही आहेत. एक संदेश तिघांना कसा लागू पडेल? शेताची माती माहीत नसेल तर मोबाईल म्हणजे गावची दवंडी, फक्त जरा लांब ऐकू जाणारी.

आरोग्य पत्रिका आणि पंचवीस एकरांचा एक नमुना

१९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. बारा गोष्टी तपासायच्या : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. नमुना कुठून घेतला त्याचे अक्षांश-रेखांश नोंदवायचे. आपल्या देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर माती आणि जागा एकत्र नोंदवायचं काम त्याआधी झालं नव्हतं. त्यासाठी योजनेला मान दिला पाहिजे.

पण नमुना कसा घ्यायचा ठरलं ते बघा. बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरच्या चौकटीला एक. दहा हेक्टर म्हणजे जवळपास पंचवीस एकर. आपलं भात पावसावरचं, म्हणजे जिरायत. कोकणात वीस गुंठ्यांची शेतं धरली तर एका नमुन्यात पन्नासेक शेतं आली. पन्नास पत्रिका, आकडे एकच.

विदर्भात सपाट काळी जमीन असेल तर हे एकवेळ चालेल. आपल्याकडे टेपाच्या अंगाची मुरमाड माती, मधलं खाचर आणि ओढ्याजवळचा खोलगट मळा एकाच गटात असतात. वरच्या खाचरातून गाळ धुपून खालच्यात येतो, म्हणून खालचं नेहमी जड आणि ओल धरणारं. भातानंतर वाल तिथेच चांगला येतो.

यात पैसा किती अडकलाय त्याचा हिशेब करू. सुधारित भाताला आपल्या विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश. वीस गुंठ्यांना नत्र २० किलो, म्हणजे युरिया साधारण ४३ किलो, जवळपास एक गोणी. मातीत नत्र कमी असेल तर पाव भाग वाढवायचा, जास्त असेल तर पाव भाग कमी करायचा, अशी रूढ रीत आहे. म्हणजे एकाला २५ किलो नत्र लागतं, दुसऱ्याला १५. दोघांना सरासरीची पत्रिका दिली तर पहिल्याचं भात पिवळं राहणार आणि दुसऱ्याचं माजून लोळणार, त्यात करपा आणि तुडतुडे वेगळे. फरक १० किलो नत्राचा, म्हणजे वीस गुंठ्यांत जवळजवळ अर्धी गोणी युरिया. सरासरी काढताना तो फरक कागदावर नाहीसा होतो, खाचरात होत नाही.

सरकारलाही हे दिसलं. २०१९-२० ला प्रत्येक तालुक्यात एक गाव निवडून तिथे शेतानिहाय नमुने घ्यायचा प्रयोग झाला. २०२३ ला योजनेचं नवं मोबाईल ॲप आलं. त्यात नमुना घेताना जागा आपोआप नोंदते आणि पिशवीच्या क्यूआर कोडवरून प्रयोगशाळेचा निकाल त्याच जागेला जोडला जातो. कचेरीत बसून पिशवी भरायची पळवाट यामुळे अरुंद झाली. हा बदल दिसायला छोटा आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा.

डिजिटल नकाशा म्हणजे नेमकं काय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोबाईलवर माती दिसते म्हणजे काय दिसतं?

उपग्रहाला सामू दिसत नाही. पालाश तर नाहीच नाही. त्याला उतार, झाडोरा, उघड्या मातीचा रंग, ओल अशा गोष्टी दिसतात. जेनींचे पाच घटक आठवा. शास्त्रज्ञ काय करतात, तर काही हजार ठिकाणचे खरे नमुने घेतात. त्या प्रत्येक जागेचा उतार, पाऊस, खडक, झाडोरा संगणकात भरतात. संगणक त्यातलं नातं शिकतो. मग जिथे कोणी खणलेलं नाही तिथला उतार आणि पाऊस बघून तो माती कशी असेल ते सांगतो. मॅकब्रॅटनी आणि सहकाऱ्यांनी २००३ ला ही रीत नीट मांडली, तिला डिजिटल मृदा नकाशा म्हणतात.

गावातला जुना जाणता माणूस परक्या गावात लग्नाला गेला, तरी गाडीतून बाहेर बघत सांगतो की ही जमीन हलकी असणार, इथे नाचणी चांगली येईल. त्याने तिथे कुदळ मारलेली नसते. त्याने आयुष्यभरात बघितलेल्या जमिनींवरून तो बोलतो. संगणकाचंही तसंच. ज्याने जास्त जमिनी बघितल्या त्याचा अंदाज बरा. आणि ज्याने आपल्यासारखी जमीन कधी बघितलीच नाही त्याचा अंदाज फसणार.

नेदरलँड्समधली एक संस्था सगळ्या जगाचा असा नकाशा फुकट देते, नाव सॉइलग्रिड्स. २०१७ ला त्याची चौकट २५० मीटरची झाली. पुन्हा हिशेब करा. २५० गुणिले २५० म्हणजे सव्वासहा हेक्टर, साडेपंधरा एकर. नागपूरच्या जुन्या नकाशावरचा एक चौरस मिलिमीटर आणि हा, दोन्ही सारखेच निघाले! पडद्यावर बोटाने कितीही मोठा केला तरी त्याच्यात आपलं खाचर नाही. चित्र मोठं होतं, माहिती तेवढीच राहते. कुठलंही ॲप उघडलं की पहिला प्रश्न हा विचारायचा : याची चौकट केवढी?

उलट बाजूची चांगली बातमीही आहे. नागपूरच्याच संस्थेने आता एकास दहा हजार प्रमाणात नकाशे करायला घेतले. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला पोकरा म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांसाठी, खारपाण पट्टा धरून, असं काम झालं. एकास दहा हजारला एक मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. एक चौरस मिलिमीटर म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. युरोपचा सेंटिनल-२ उपग्रह २०१५ पासून फुकट चित्रं देतो, त्याचीही बारीक चौकट दहा मीटरची. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. विंगेटच्या माणसांनी जी साखळी ओढली तेवढाच हा तुकडा, आता आकाशातून. इतक्या वर्षांनी शास्त्राचा नकाशा साऱ्याच्या नकाशाएवढा बारीक व्हायला लागला आहे. आपल्या पदरात तो पडायला पाहिजे.

कोकणात अडचणी कोणत्या

एक, ढग. जून ते सप्टेंबर भात शेतात असतं आणि तेव्हाच डोळ्याने बघणाऱ्या उपग्रहाला खालचं दिसत नाही. रडारवाला उपग्रह ढगातून बघतो, पण त्याचं चित्र वाचायला जाणकार लागतो.

दोन, खार. खारवटीचं प्रमाण बारा महिने सारखं नसतं. पावसाने मीठ धुतलं जातं, उन्हाळ्यात ते वर येतं. ऑक्टोबरचा नमुना आणि मेचा नमुना एकाच खाचराचे असून वेगळं बोलतात. बाहेरकाठ्याला खांड पडून भरतीचं पाणी आत आलं तर पाच वर्षांपूर्वीची पत्रिका रद्दी. आणखी एक सूचना, विशेषतः तरुण कृषी सहायकांसाठी. पुस्तकात "क्षारता ४ च्या वर म्हणजे खारवट" असं लिहिलेलं असतं, ते मातीच्या संपृक्त अर्काचं मोजमाप आहे. पत्रिकेतला आकडा माती पाण्यात ढवळून काढलेला असतो, त्यात मीठ विरळ होतं. त्या आकड्यात १ च्या वर गेलं की उगवणीला त्रास सुरू होतो. पत्रिकेवर २ बघून "४ च्या आत आहे, काळजी नको" असं कोणाला सांगू नका.

तीन, भराव. हे दुखणं खास आपल्या पनवेलचं. २०१३ ला नैना आलं, मग रस्ते आले, विमानतळ आला, आणि आपल्या कोनच्या बाजूने जुन्या पुणे रस्त्यालगत घरांच्या इमारती उभ्या राहिल्या. डंपरने मुरूम आणि राडारोडा खाचरात पडतो. शेजारच्या भरावाने पाण्याची वाट बदलते आणि न भरलेलं खाचरही तुंबतं. संगणक ज्या नमुन्यांवर शिकला ते भरावाच्या आधीचे असले, तर नकाशा तिथे अजून भाताची जमीन दाखवेल. खडक, पाऊस, उतार यांवरून डंपर कळत नाही. गावातल्या माणसालाच तो माहीत असतो.

चार, नावं. सातबारावर सहा-सात नावं, त्यातली दोन वारलेली, दोन ठाण्याला. प्रत्यक्षात कसणारा अर्धलीने कसतो. पत्रिका आणि संदेश जातात नावावरच्या मोबाईलला. लावणीचं निम्म्याहून जास्त काम बाया करतात, फोन असतो मुलाच्या खिशात. माहिती बरोबर असूनही ती शेतात उभ्या असलेल्या माणसापर्यंत जात नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावरून फोटो आणि जागा नोंदवतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हातून नोंद घेता येते हे राज्याने सिद्ध केलेलं आहे. मातीच्या बाबतीत ती वाट अजून पुरती उघडलेली नाही.

दुसरीकडे काय केलं

कर्नाटकाने २००९ ला इक्रिसॅट संस्थेबरोबर भूचेतना योजना घेतली. गावोगाव नमुने घेतले आणि दिसलं की नत्र-स्फुरदाच्या पलीकडे गंधक, जस्त, बोरॉन कमी पडलेत. त्यांनी निकाल फक्त संगणकावर ठेवला नाही. गावातल्या भिंतींवर रंगवला, आणि समजावून सांगायला गावातलीच माणसं नेमली. फोन नसलेल्यालाही भिंत वाचता येते.

दुसरं उदाहरण केनिया आणि नामिबियाचं. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या शास्त्रज्ञांनी लँडपीकेएस नावाचं ॲप तिथल्या लोकांबरोबर तयार केलं. त्यात शेतकरी खड्डा खणतो, ओली माती बोटांत घेऊन पट्टी करतो, किती लांब होते ते बघतो, रंग आणि उतार भरतो, मग ॲप सांगतं जमीन कशी आहे. आधी हाताने बघायचं, मग फोनने. आपल्या आज्या मातीचा गोळा करून चुलीला माती कुठली ते ठरवायच्या, त्याच जातीचं हे काम.

मग पिशवी भरायची का?

भरायची. पूर्वीपेक्षा जास्त नीट भरायची, कारण आता तुमच्या नमुन्यावर तुमचीच नाही तर शेजारच्या गावाचीही माती वाचली जाणार आहे. एक खोटा नमुना संगणकाला खोटं शिकवतो.

१. भात कापून झालं की नमुना घ्या. वरचं, मधलं, खालचं खाचर वेगळं. प्रत्येकात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा, त्याच्या कडेची चकती घ्यायची. सगळं मिसळून अर्धा किलो ठेवायचं, सावलीत वाळवायचं.

२. दाढ भाजलेल्या जागेतली माती घेऊ नका. राबाच्या राखेने पालाश आणि सामू वाढलेला दिसतो. उकिरडा, बांध, झाडाची सावली टाळा. गंजकं खुरपं वापरू नका, लोहाचा आकडा बिघडतो.

३. जागा नोंदवताना खाचराच्या मधोमध उभे रहा. मोबाईलची जागा उघड्यावर चार-पाच मीटर इकडेतिकडे होते, झाडाखाली जास्त. दोन गुंठ्यांच्या खाचरात बांधाजवळ उभे राहिलात तर नोंद शेजाऱ्याच्या नावे पडेल.

४. खारीतल्या मंडळींनी मेमध्ये आणखी एक नमुना फक्त क्षारतेसाठी द्या.

५. भराव, खांड, बदललेला ओढा, हे वर्षासकट वहीत लिहा आणि नमुन्याबरोबर सांगा. हे कुठल्याच उपग्रहात नाही.

६. ग्रामसभेत ठराव मांडा : आमच्या गावचा एकास दहा हजारचा मातीचा नकाशा झालाय का, झाला असेल तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, नसेल तर कधी होणार ते लेखी द्या. दुसरा ठराव : गावात घेतलेल्या सगळ्या नमुन्यांचे आकडे गावाला मिळाले पाहिजेत. माती आमची, खणली आम्ही, मग वही आमच्याकडे नको का?

इमारती येणार, ते माझ्या हातात नाही. पण तालुक्यात जी खाचरं अजून पिकतात त्यांची माती आज नोंदली नाही, तर उद्या कोणी म्हणेल ही जमीन पडीकच होती, आणि आपल्याकडे दाखवायला कागद नसेल. विंगेटच्या कारकुनाने लिहिलेली प्रत अजून सातबारात टिकून आहे. आपण लिहिलेलीही टिकेल.

आता तुमचं काम. तुमच्या गावात मातीला आणि खाचरांना कोणती नावं आहेत ती खाली लिहा, गावाच्या नावासकट. त्या नावाच्या जमिनीत पाणी किती दिवस राहतं आणि भातामागून काय घेता तेही लिहा. पन्नास नावं जमली की मी यादी करून पनवेलच्या खार जमीन केंद्रात आणि रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात स्वतः नेऊन देणार आहे.